सरांचा बघ्या

आळे गावात खोली शोधायला गेलो तेव्हा माझ्याकडे संगणकाचे बरेच दाखले होते आणि एक पत्र्याची पेटी होती. दाखले प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी छातीशी धरले होते. फाट्यावरच्या ज्युनिअर कॉलेजात मला संगणक शिकवायला घेतलं होतं, आणि आपण आल्यामुळे जुन्नर तालुक्याचं काहीतरी भलं होणार आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

घरमालक निवृत्त गणितशिक्षक होते. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. नुसतं ‘सर’ म्हटलं की पुरे. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. माझ्या फोल्डरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वर गच्चीवर बोट दाखवून म्हणाले, “ती टाकी आहे. भरायला किती वेळ लागेल?”

मला प्रश्नच कळला नाही. घाबरून मी म्हणालो, “डिपेंड करतं, सर.”

“कशावर?”

“ते पण... डिपेंड करतं.”

सरांनी आत वळून हाक दिली, “अगं, खोलीची किल्ली आण. पोरगा बरा आहे. माहिती अपुरी असताना उत्तर देत नाही.”

माझ्या अज्ञानाचा असा गौरव आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही.

सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असायचा. नोकरी संपली तरी खडू संपला नव्हता. कुणाला काही सांगायचं असलं की ते बोलण्याऐवजी जवळच्या भिंतीवर लिहून मोकळे व्हायचे. माझ्या जिन्याची भिंत म्हणजे माझं प्रगतिपुस्तकच होतं. ‘दिवा चालू होता.’ ‘कडी नीट लागत नाही, लावणारा नीट लावत नाही.’ एकदा नुसतंच ‘नळ!’ असं लिहिलं होतं, आणि त्या उद्गारचिन्हाचं टिंब जरा जास्तच दाबून दिलं होतं. दारात टोमॅटोचे क्रेट घेऊन पिकअप उभी राहिली, तर तिच्या फळीवर ते थराथरांचा हिशेब मांडून ठेवायचे. ती गाडी तसंच गणित घेऊन नारायणगावच्या बाजाराला जायची.

सर एक पुस्तक लिहीत होते. त्यासाठी त्यांनी संगणक घेतला होता आणि कुठूनसं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. गणिताची चिन्हं त्यात सुरेख बसतात, एवढाच त्याचा गुण. बाकी ते विचित्र होतं. त्यात लिहिताना पान छापल्यासारखं दिसत नाही. लिहून झालं की एक बटण दाबायचं. मग ते आपलं लिखाण दुसऱ्याच एका प्रोग्रामच्या हवाली करतं, आणि तो प्रोग्राम वेगळी खिडकी उघडून पान दाखवतो. त्या दुसऱ्या प्रोग्रामला व्ह्यूअर म्हणतात. सर त्याला ‘बघ्या’ म्हणायचे.

“अपघात झाला की बघे जमतात ना? तसाच हा. हात लावत नाही, मदत करत नाही, नुसता बघतो. पण खरं काय झालं ते त्यालाच विचारावं.”

या बघ्याला बोलावण्याचा विधी पाहण्यासारखा असायचा. सर लिहायच्या खुर्चीवरून उठत. लिहायचा चष्मा काढून ठेवत. मोरीत जाऊन तोंड धूत. मग दुसरा चष्मा लावून दुसऱ्या खुर्चीत बसत आणि कीबोर्डवर पंचा पसरत. बघताना हात शिवशिवू नयेत म्हणून. मग माऊसनं बटण दाबलं जाई. पानात चूक दिसली तरी ते जागचे हलायचे नाहीत. सगळं पाहून घेत, ती खिडकी बंद करत, ती बंद झाली याची खात्री करत, आणि मग पुन्हा उलटा प्रवास: चष्मा, खुर्ची, पंचा.

“लिहिणाऱ्यानं बघू नये आणि बघणाऱ्यानं लिहू नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मी खिडकी उघडीच ठेवून उठलो तर दुसरं, “पहिल्या पावण्याला वाटं लावल्याबिगर दुसऱ्याला बोलवायचं नाय.” चिडले की त्यांची शाळेतली भाषा सुटायची आणि घरची यायची.

मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये या सगळ्याची नक्कल करून दाखवायचो. पंचा म्हणून हातरुमाल वापरायचो. लोक खूप हसायचे. मला वाटायचं, माझा अभिनय चांगला आहे.

पुस्तक मात्र खरंच वेगळं होतं. त्यातली गणितं सगळी आमच्या भागातली. कांद्याच्या चाळीत हवा खेळायला किती जागा सोडायची, येडगावच्या धरणातून कालव्याला सुटलेलं पाणी टोकाच्या शेतात कधी पोचेल, शर्यतीच्या घाटात बैलगाडा किती वेगानं सुटतो. “पोरांना आगगाडी आणि बोगदा कशाला विचारायचा? त्यांनी बोगदा कुठं पाहिलाय?” असं सर म्हणायचे.

पहिल्या खर्ड्यात त्यांनी गणितांना माणसंही आमच्या गावचीच घातली होती. नावं नव्हती, पण ओळख लपत नव्हती. खर्डा पुरा झाल्यावर त्यांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, समोर बसवून सगळी गणितं मोठ्यानं वाचून दाखवली. मी तेव्हा कॉलेजात होतो, हे मला नंतर काकूंकडून कळलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. किराणा दुकानदाराच्या काट्याचं गणित आलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. दोन भावांचं गणित आलं, तेव्हा शेंगांचं सूप खाली ठेवलं.

“ह्ये काढा.”

“गणित बरोबर आहे.”

“बरोबर असंल. पण काढा. सणासुदीला तरी भावजीचं पाऊल आपल्या दारात पडंल, येवढी वाट ऱ्हाऊ द्या.”

भावजी म्हणजे सरांचे धाकटे भाऊ, बापू. त्यांचं शेत शेजारीच होतं आणि बांधावरची विहीर दोघांची. पाळीनं पाणी घ्यायचं ठरलं होतं. मग बापूंनी मोठी मोटर बसवली, ती सरांना न विचारता. तेव्हापासून भाऊ बोलत नव्हते. काही सांगणं अगदीच गरजेचं झालं तर सर बांधावरच्या लिंबाच्या झाडाला सांगायचे, “कुणाचा तरी पाइप फुटलाय म्हणावं.” पलीकडून बापू आपल्या बैलाला म्हणायचे, “दिसतंय म्हणावं आमाला.” काकू आणि त्यांची जाऊ मात्र रोज कुंपणावरून बोलत. हे भांडण बायकांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

काकूंच्या हट्टानं सरांनी सगळी माणसं पुस्तकातून काढली. दोन भाऊ आणि विहीर यांच्या जागी दोन नळ आणि एक टाकी आली. सरांना ते आवडलं नव्हतं. “मेलेलं गणित,” म्हणाले, पण बदललं.

पुढं शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला. सरांचं पुस्तक त्यांनीच छापून घ्यायचं आणि मेळाव्यात सगळ्यांना वाटायचं, असं ठरलं. नेमकं त्याच सुमारास सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते अंगणात बसले आणि मला बोलावून म्हणाले, “मास्तर, माझं लिहिणं संपलंय. आता बघायचं काम तुमचं. शेवटची फाइल काढा आणि छापखान्यात पोचवा.”

ज्या माणसानं स्वतःलाही आपलं लिखाण धड पाहू दिलं नाही, तो ते मला पाहू देत होता. मी भारावून गेलो, आणि भारावलेल्या अवस्थेत करू नये ते केलं. मी सुधारणा करायला घेतली.

सरांचा बघ्या जुनाट होता. दिसायला कळकट, एका वेळी एकच पान दाखवणारा. मी सेटिंगमध्ये जाऊन त्याला काढून टाकला आणि त्याच्या जागी एक नवा, देखणा, मोठ्या कंपनीचा व्ह्यूअर बसवला. तो चालतो का हे पाहायला फोल्डरमध्ये आधीपासून पडलेली एक फाइल उघडली. सुंदर उघडली. पानं कशी पुस्तकासारखी उलटत होती. मी काकूंनाही बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “ग्वाड दिसतंय.”

ती खिडकी तशीच उघडी ठेवून मी पुस्तकाची शेवटची फाइल काढायचा हुकूम दिला. पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक चौकट आली. मी तिच्यातलं ‘ओके’ दाबलं. वर्गात मी पोरांना रोज सांगत असे, की संगणक काही सांगत असेल तर आधी वाचा, मग दाबा. पण ते पोरांसाठी होतं.

त्या चौकटीत काय लिहिलं होतं, ते मला नंतर कळलं. फोल्डरमधली ती आधीची फाइल म्हणजे पुस्तकाचा पहिला खर्डा होता, काकूंच्या कात्रीआधीचा. सरांनी तो कधीतरी एकदा बाहेर काढून ठेवला होता. पुढचे सगळे बदल त्यांनी नुसते बघ्यात पाहिले होते, नवी फाइल बाहेर काढलीच नव्हती. दोन्हींना नाव एकच. आणि माझा देखणा बघ्या असा होता, की उघडलेली फाइल तो मुठीत धरून ठेवायचा, तिच्यावर दुसरं काही लिहू द्यायचा नाही. संगणक बिचारा तेच सांगत होता. जुन्यावर नवं लिहिता येत नाही, आधी ती खिडकी बंद करा.

मी ती जुनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि नारायणगावच्या छापखान्यात देऊन आलो. जाताना फोनवर स्टाफरूममधल्या एकाला सांगितलं, की गावात एक जाणता माणूस असला की कामं कशी झटपट होतात.

मेळाव्याला शाळेचं पटांगण भरलं होतं. पुस्तकं वाटली गेली. कुणीतरी सरांविषयी भाषण करत होतं, पण पटांगणात हळूहळू खसखस पिकायला लागली. माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून पानं दाखवत होती. एकदम किराणा दुकानदार उठून उभा राहिला आणि ओरडला, “सर! तो काटा बदलून लई दिवस झालं! आता किलो किलोचाच हाय!”

पटांगणात हशा फुटला. काळ्या चष्म्याआडून सर आवाजाच्या दिशेनं बघत होते. त्यांना काहीच उमगत नव्हतं. मी घाईघाईनं पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदा मीच मला सापडलो.

‘एका घरी एक संगणकशिक्षक भाड्याने राहतात. दात घासताना ते नळ चालू ठेवतात व आरशात पाहत राहतात. त्यांचे स्वतःकडे पाहून समाधान होईपर्यंत टाकीचा कितवा भाग रिकामा होईल?’

पलीकडच्या खुर्च्यांवरची माणसं माझ्या दातांकडे पाहत होती. पण मला त्याचं भान राहिलं नाही, कारण मी पुढचं पान उलटलं होतं.

‘दोन भावांची विहीर एक. थोरला पाच अश्वशक्तीची मोटर लावतो. धाकटा, कोणालाही न विचारता, साडेसात अश्वशक्तीची लावतो. दोघे सारखाच वेळ मोटर चालवून विहीर उपसतात. तर धाकट्याने थोरल्याच्या वाट्याचे किती पाणी नेले?’ शेवटच्या पानावर उत्तर होतं: पाचवा हिस्सा.

बापू शाळेच्या समितीवर होते. पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पान वाचलं, शेवटचं पान वाचलं, पुस्तकाची गुंडाळी करून बगलेत मारली आणि जेवणासाठी न थांबता फाटकातून बाहेर पडले. बायकांच्या बाजूला बसलेल्या काकू ते पाहत होत्या.

घरी आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. सांगताना मी शक्य तितके इंग्रजी शब्द वापरले, पण काही उपयोग झाला नाही. त्यांनी एकच विचारलं, “पहिला बघ्या बंद केला व्हता का?”

“नाही, सर.”

सर रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंनी वाढलेलं ताट त्यांनी तसंच सरकवलं. काकू माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुमी कम्प्युटरच शिकवता ना हो?”

सकाळी मी खोली सोडायच्या विचारानं पेटी भरत होतो. गॅलरीतून पाहिलं, तर बापू बांध ओलांडून येत होते. हातात पुस्तक होतं. मी जिना उतरलो. मारामारी झालीच तर मधे पडावं, असा विचार होता. पण शेवटच्या पायरीवर तो बदलला आणि मी तिथंच थांबलो.

सर अंगणात बसले होते. काळ्या चष्म्यातून त्यांना नीट दिसत नव्हतं. चाहूल लागल्यावर त्यांनी विचारलं, “कोण?”

“मी.”

“मी म्हणजे?”

“ज्यानं पाणी नेलं त्यो.”

आतलं भांडं घासणं थांबलं. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बापू म्हणाले, “उत्तर चुकलंय.”

“काय?”

“पाचवा हिस्सा येत न्हाई. उत्तर चुकलंय तुमचं.”

सरांचा चेहरा पडला होता, तो एकदम ताठ झाला. भाऊ दारात आलाय, कितीतरी वर्षांनी बोलतोय, हे सगळं बाजूला राहिलं. “चुकलंय? पाचास साडेसात! वेळ सारखा! कर बघू परत!”

“वेळ सारखा कुठाय? तुमची पाळी दिवसाच्या लाईटीची. माझी पाळी रातच्या लाईटीची. रातच्याला उसात बिबट्या बसलेला असतो. मोटर चालू करायला जाणार कोण, तुमचा भागाकार? फटाके वाजवत, चार माणसं गोळा करून जाईस्तवर अर्धी लाईट गेलेली असती. ते कुठं धरलंय ह्यात?”

“ते गणितात दिलेलं नाही.”

“दिल्यालं न्हाई म्हंजे? देणारं तुमीच की!”

गणितात कोंडीत सापडलेले सर मी पहिल्यांदाच पाहत होतो. बापूंचा आवाजही खाली आला. “मिळंल तेवढ्या टायमात वावर भिजावं म्हणून साडेसातची बसवली, दादा. तुमच्या पाण्यावर डोळा ठिवून न्हाई.”

“मग तेव्हाच सांगायचं.”

“तुमी झाडाशी बोलत व्हता.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसू होतं की रडू, मला दिसलं नाही. सर बराच वेळ बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी मांडत राहिले. मग म्हणाले, “रात्रीच्या पाळीत नेमका किती वेळ वाया जातो?”

“चला विहिरीवर. दावतो.”

“आहो, डोळ्यात धूळ जाईल!” काकू ओरडल्या. पण सर उठले होते. बापूंनी त्यांचा हात धरला. ढेकळातून, बांधावरून, एक काळा चष्मा आणि एक गुंडाळलेलं पुस्तक असे दोघं निघाले. मागून मी सरांची खुर्ची घेऊन चाललो. कुणीतरी काहीतरी न्यायला हवं होतं आणि माझ्या लायकीचं तेवढंच काम उरलं होतं. बापूंनी वळून मला न्याहाळलं. “दात घासणारं मास्तर ह्येच का?”

“हेच,” सर म्हणाले.

विहिरीवर त्यांचं भांडण चांगलंच रंगलं. उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, लाईट येते कधी आणि जाते कधी, सगळं निघालं. दोघंही हरायला तयार नव्हते. शेवटी ठरलं ते असं, की दिवसाची आणि रात्रीची पाळी आलटून पालटून घ्यायची आणि रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला दोन्ही घरच्या माणसांनी मिळून जायचं. ठरल्यावर बापू म्हणाले, “पर दादा, सगळ्या गावापुढं माझी अब्रू काढली तुमी.”

“नाव कुठं लिहिलंय? दोन भाऊ, एवढंच लिहिलंय.”

“आन लोकांना काय कळत न्हाई? विहिरीपायी न बोलणारं दोन भाऊ गावात कितीक असतील?”

“पुष्कळ आहेत,” सर म्हणाले. “त्यातला तू एकटाच विचारायला आलास.”

बापू खाली पाण्याकडे बघत राहिले. परत येताना त्यांनी सरांचा हात धरला तो अंगणापर्यंत सोडला नाही. काकूंनी तोवर पिठलं टाकलं होतं, भाकरी थापल्या होत्या आणि कुंपणावरून जावेलाही बोलावून घेतलं होतं. जेवताना भाऊ पुन्हा उत्तरावरून भांडले.

मी पेटी रिकामी केली आणि पुढं बरीच वर्षं त्या खोलीत राहिलो. आता मी मंचरला असतो. सर गेले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी सगळी माणसं जिथल्या तिथं ठेवली. फक्त दोन भावांच्या गणितात ‘धाकट्याची पाळी रात्रीची आहे आणि उसात बिबट्या आहे’ हे वाक्य वाढवलं, आणि उत्तराच्या जागी लिहिलं, ‘भावाला विचारा.’ दुकानदारानंही आपलं गणित काढू दिलं नाही.

सरांना नवा चष्मा मिळाला त्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली. ते ओसरीवर पुस्तक चाळत बसले होते, मन प्रसन्न दिसत होतं. संधी साधून मी म्हणालो, “सर, एका अर्थी बरंच झालं, नाही का? मी चुकीची फाइल दिली नसती तर बापू आलेच नसते.”

सरांनी चष्म्यातून माझ्याकडे निरखून पाहिलं. पहिल्यांदाच स्पष्ट दिसत असावा मी त्यांना.

“मास्तर, उत्तर बरोबर आलं. पण रीत चुकली. मार्क मिळणार नाहीत.”

आतून काकू म्हणाल्या, “द्या की वो एखादा.”

सरांनी खिशातला खडू काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

“नाय,” म्हणाले.